लक्षण आणि लक्षणा : छिन्नमनस्कतेतील अनुभवाच्या वाचनाविषयी

१

मराठीत ‘लक्षण’ हा शब्द दोन शास्त्रांत एकाच वेळी नांदतो. वैद्यकात रोग ओळखण्याची खूण म्हणजे लक्षण. न्यायशास्त्रात वस्तूचा असाधारण धर्म म्हणजे लक्षण. दोन्ही ठिकाणी त्याचे कार्य एकच आहे : एक वस्तू इतर सर्व वस्तूंपासून वेगळी काढणे. याच धातूतून आलेला दुसरा शब्द म्हणजे ‘लक्षणा’. तो मराठी समीक्षेला संस्कृत काव्यशास्त्राकडून मिळाला. वाच्यार्थ जेथे अडतो तेथे त्याच्याशी संबंध असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे नेणारी शब्दशक्ती ती लक्षणा. छिन्नमनस्कतेविषयी, म्हणजे आपण सर्रास ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या विकाराविषयी विचार करताना या दोन शब्दांमधील अंतर निर्णायक ठरते. रुग्ण जे सांगतो ते मनोविकारशास्त्र लक्षण म्हणून नोंदवते. पण रुग्ण जे सांगतो ती प्रथमतः भाषा असते. आणि भाषेत लक्षण शोधण्यापूर्वी लक्षणेचा विचार झाला पाहिजे.

रुग्णाचा आंतरिक अनुभव आणि त्याच्या आजाराची लक्षणे यांचा संबंध साधारणतः दोन प्रकारे कल्पिला जातो. एका मतानुसार लक्षण ही बाहेर दिसणारी खूण आणि अनुभव ही तिची आतली बाजू. म्हणजे दोन्ही एकाच नाण्याच्या दोन बाजू. दुसऱ्या मतानुसार लक्षण हा मुखवटा आणि अनुभव हा त्यामागे दडलेला चेहरा. प्रस्तुत लेखातील भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी आहे. लक्षण म्हणजे अनुभवाच्या एका विशिष्ट वाचनानंतर हाती उरलेला अंश होय. हे वाचन चुकीचे असतेच असे नाही. अनेकदा ते आवश्यक असते, उपचारासाठी तर अपरिहार्य असते. परंतु ते वाचन आहे याचा विसर पडला, की अनुभवाच्या जागी लक्षण बसते आणि बोलणारा माणूस बोलणारा राहत नाही. म्हणूनच हा प्रश्न वैद्यकाइतकाच समीक्षेचाही आहे.

२

या प्रश्नासाठी डॅनिएल पॉल श्रेबर याच्या आठवणींइतकी उपयुक्त संहिता दुसरी क्वचितच सापडेल. श्रेबर (१८४२–१९११) हा जर्मनीतील सॅक्सनीचा न्यायाधीश. १८८४ साली राईशस्टागच्या निवडणुकीत पराभूत झाल्यानंतर तो प्रथम आजारी पडला आणि लाइपझिग येथे पॉल फ्लेक्सिग याच्या उपचारांनी बरा झाला. १८९३ साली ड्रेस्डेनच्या उच्च न्यायालयात पीठाध्यक्ष म्हणून त्याची नेमणूक झाली आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत दुसरा, फार दीर्घ आजार सुरू झाला. त्यातील बहुतेक वर्षे त्याने झोनेनश्टाइनच्या मनोरुग्णालयात काढली. तेथेच, १९०० साली, त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या. १९०३ साली त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

श्रेबरच्या सांगण्यानुसार मानवी आत्मा मज्जातंतूंत वास करतो आणि ईश्वर हा केवळ मज्जातंतूंचाच बनलेला आहे. ईश्वराचे मज्जातंतू ‘किरण’ होऊन श्रेबरशी संपर्क साधतात, त्याच्याशी एका ‘मूलभाषे’त बोलतात, त्याचा प्रत्येक विचार लिहून ठेवतात आणि त्याला सतत विचार करायला भाग पाडतात. भोवतालची माणसे ही घाईघाईने तात्पुरती तयार केलेली आहेत. फ्लेक्सिगने त्याचा ‘आत्मवध’ केला आहे. त्याच्या देहाचे स्त्रीदेहात रूपांतर होत आहे आणि त्यातून नव्या मानवजातीचा जन्म व्हायचा आहे.

परंतु या ग्रंथाचे वेगळेपण केवळ या विश्वरचनेत नाही. ग्रंथाच्या परिशिष्टांत श्रेबरने न्यायालयीन कागदपत्रेही छापली आहेत. कायद्याच्या दृष्टीने तो अक्षम ठरवला गेला होता आणि त्याचे व्यवहार पालकाकडे सोपवले गेले होते. त्याविरुद्ध तो स्वतःच न्यायालयात लढला. रुग्णालयाचे प्रमुख ग्विडो वेबर यांचे वैद्यकीय अहवाल, श्रेबरचे त्यावरील उत्तर आणि १९०२ सालचा अपील न्यायालयाचा निकाल हे सर्व या ग्रंथात समाविष्ट आहे. म्हणजे अनुभवाचे निवेदन आणि त्याच अनुभवाचे लक्षण म्हणून केलेले वर्णन ही दोन्ही एकाच मुखपृष्ठाखाली आहेत, आणि दोहोंमधला वाद हा एका माणसाच्या स्वातंत्र्याचा वाद आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा ग्रंथ म्हणजे ‘कच्चा’ अनुभव नव्हे. तीव्र अवस्थेनंतर काही वर्षांनी, एका कायदेपंडिताने, युक्तिवादाच्या शिस्तीत लिहिलेली ती संहिता आहे. कुटुंबीयांविषयीचे तिसरे प्रकरण छपाईच्या वेळी गाळले गेले, त्यामुळे संहितेत एक रिकामी जागाही आहे. निदानाचाही वाद आहे. ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ साली योजला; श्रेबर लिहीत होता तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. वेबर यांनी त्याच्या आजाराला ‘पॅरानोइया’ म्हटले होते. ब्लॉयलरने १९११च्या आपल्या ग्रंथात त्याची उदाहरणे छिन्नमनस्कतेखाली घेतली. पुढे काही अभ्यासकांनी तो भावावस्थेचा विकार असल्याचे मत मांडले. तेव्हा श्रेबर हा छिन्नमनस्कतेचा ‘नमुना’ म्हणून येथे घेतलेला नाही. अनुभवाचे लक्षणात रूपांतर होताना काय घडते, ते दाखवणारी संहिता म्हणून त्याच्याकडे पाहायचे आहे.

३

वेबर यांच्या अहवालात नोंदी आहेत : रुग्ण मोठ्याने ओरडतो, अर्धवट उघड्या अंगाने, फिती लावून आरशासमोर उभा राहतो, ईश्वराशी आपला विशेष संबंध आहे असे मानतो. त्याचबरोबर वेबर हेही प्रामाणिकपणे नोंदवतात की त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या मेजावर हाच माणूस राजकारण, कायदा, कला या विषयांवर नेमके आणि सभ्य बोलतो. वेबर यांचे वाचन काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अभिधेचे आहे. रुग्णाचे विधान ते विधान म्हणून घेतात, वास्तवाशी ताडून पाहतात, ते खोटे ठरते, आणि खोटे असूनही रुग्ण ते सोडत नाही म्हणून त्याला भ्रम असे नाव देतात.

१९११ साली फ्रॉइडने याच संहितेवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. तो श्रेबरला कधीही भेटला नव्हता; त्याच्यापुढे केवळ पुस्तक होते. या अर्थी फ्रॉइडचा निबंध म्हणजे एक साहित्यसमीक्षाच आहे. फ्रॉइडच्या मते श्रेबरच्या विश्वरचनेमागे दडपलेली समलैंगिक इच्छा आहे. ‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ हे अस्वीकार्य वाक्य व्याकरणाची रूपे पालटत ‘तो माझा छळ करतो’ येथे येऊन पोहोचते. फ्रॉइडच्या या वाचनाचे ऋण मान्य केले पाहिजे. भ्रम म्हणजे निव्वळ मोडतोड नव्हे, तर कोसळलेले जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न होय, ही त्याची दृष्टी आजही मोलाची आहे. परंतु हे वाचन व्यंजनेचे आहे. वाच्यार्थ सोडून ते एकदम गूढार्थाकडे झेपावते. श्रेबर काय म्हणतो यापेक्षा तो जे म्हणत नाही त्यालाच महत्त्व येते.

वेबर आणि फ्रॉइड यांच्या भूमिका परस्परविरोधी दिसतात, पण दोघांनीही मधली एक पायरी ओलांडली आहे. ती पायरी लक्षणेची आहे. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. नदीच्या प्रवाहावर गवळीवाडा आहे असे कोणी म्हटले तर वाच्यार्थ अडतो; आपण नदीचा काठ असा अर्थ घेतो; पण ‘काठ’ न म्हणता ‘प्रवाह’च का म्हटले, याचेही उत्तर शोधतो. वाच्यार्थ अडणे ही येथे अर्थाची सुरुवात असते. वेबर यांच्या वाचनात वाच्यार्थ अडतो आणि वाचन संपते. फ्रॉइडच्या वाचनात वाच्यार्थ अडण्याची वाटच पाहिली जात नाही. ‘किरण माझा विचार ओढून नेतात’ या वाक्यात मुख्यार्थ अडतो खरा, पण कोणत्या अनुभवाच्या नात्याने श्रेबर ‘किरण’ हाच शब्द निवडतो, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच पूर्णपणे विचारत नाही.

स्वतः श्रेबर मात्र तो प्रश्न विचारतो. आपल्याला जे प्रत्ययास आले ते मानवी भाषेत पूर्णपणे मावत नाही, म्हणून आपल्याला प्रतिमा आणि उपमा यांचा आश्रय घ्यावा लागेल आणि त्या केवळ अंशतः योग्य ठरतील, असे तो आरंभीच बजावतो. आपण जे पाहिले ते शरीराच्या डोळ्याने नव्हे तर मनाच्या डोळ्याने, असा भेदही तो काळजीपूर्वक करतो. रुग्णालयात असतानाच त्याने क्रेपेलिनच्या मनोविकारशास्त्राच्या ग्रंथाची १८९६ सालची आवृत्ती वाचली आणि भासांविषयीच्या त्यातील विवेचनाशी आपला अनुभव ताडून पाहिला. म्हणजे आपल्या भाषेत मुख्यार्थ अडतो आहे याची जाणीव वक्त्यालाही आहे. ज्या विधानाला लक्षण म्हणून गोठवले गेले, त्याच्या कडेला वक्त्याने स्वतःच एक संकेत ठेवला होता. तो कोणी वाचला नाही.

४

या संकेताचे मराठी नाव ‘जणू’ असे आहे. उत्प्रेक्षेत उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केली जाते, आणि ‘जणू’ हा शब्द त्या कल्पनेची कबुली असतो. रूपकात ही कबुली शब्दांतून जाते, पण उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात. अतिशयोक्तीत उपमान उपमेयाला गिळून टाकते. उपमेय वाक्यात उरतच नाही. अलंकारशास्त्राची ही चढण छिन्नमनस्कतेच्या वाटेचे वर्णन करण्यास आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडते.

गेर्ड ह्यूबर आणि त्याच्यानंतर योआखिम क्लोस्टरकोएटर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी दाखवून दिले की उघड मनोविकृतीच्या आधी रुग्णाला सूक्ष्म, केवळ त्यालाच जाणवणारे बदल अनुभवास येतात : विचार मध्येच तुटतो, विचारांची गर्दी होते, ओळखीची वस्तू परकी वाटते, साध्या कृती आपोआप होईनाशा होतात. या अवस्थेत रुग्ण बहुधा ‘जणू’ची भाषा बोलतो. विचार जणू माझे नाहीत. जणू कोणी ते माझ्या डोक्यात घालते आहे. पुढे ‘जणू’ गळतो. मग विचार दुसऱ्याचे असतात. कोणीतरी ते घालतेच. अखेरीस त्या ‘कोणीतरी’ला नाव, यंत्रणा आणि हेतू मिळतो. व्हिक्टर टाउस्कने १९१९ साली ‘प्रभावकारी यंत्रा’वर लिहिलेल्या निबंधात हीच वाट रेखाटली होती : आधी स्वतःतील बदलाची केवळ परकी जाणीव, मग कोणाच्या तरी प्रभावाची जाणीव, आणि शेवटी तारा आणि बॅटऱ्या असलेले यंत्र.

मनोविकारशास्त्राच्या नोंदवहीत यांतील शेवटचा टप्पा प्रामुख्याने उतरतो. कुर्ट श्नायडरने १९३९ साली ‘प्रथम श्रेणीची लक्षणे’ सांगितली : आपले विचार ऐकू येणे, आपल्याविषयी चर्चा करणारे किंवा आपल्या कृतींवर शेरे मारणारे आवाज, बाहेरून विचार घातले वा काढले जाणे, विचार सर्वांना कळणे, आपल्या कृती दुसऱ्याने घडवणे, आणि साध्या दृश्याला अचानक आलेला भ्रमात्मक अर्थ. १९८० सालच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत यांना विशेष वजन मिळाले. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ते वजन काढून घेण्यात आले. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लक्षणावर अव्याप्ती आणि अतिव्याप्ती असे दोन्ही दोष आले : ही लक्षणे इतर मनोविकारांतही आढळतात, आणि छिन्नमनस्कतेच्या अनेक रुग्णांत आढळत नाहीत. पण हे दोष येण्याचे कारण केवळ मोजमापातले नाही. ‘जणू’ वजा केल्यावर उरलेले वाक्य हेच लक्षण मानले, तर ज्या बदलातून ते वाक्य आले तो बदल व्याख्येबाहेर राहणारच.

कार्ल यास्पर्सला याची जाणीव होती. १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात भ्रमाचे तीन निकष सांगून—असाधारण खात्री, युक्तिवादाने न ढळणे, आशयाची अशक्यता—तो लगेच बजावतो की ही केवळ बाह्य चिन्हे आहेत. मूळ गोष्ट म्हणजे अनुभवाच्या पातळीवर घडलेला पालट. पुढील पिढ्यांनी निकष उचलले आणि इशारा मागे ठेवला. मात्र यास्पर्सने स्वतःच दुसरी एक भिंत उभी केली. मूळ भ्रम हा ‘अनाकलनीय’ आहे, त्यात सहानुभूतीने प्रवेश करता येत नाही, असे त्याचे मत होते. ज्याला आपण समजू शकत नाही त्याची फक्त नोंद करायची उरते. अशा रीतीने अनुभवाचा सर्वांत संवेदनशील अभ्यासकच अनुभव आणि लक्षण यांच्यामधला दरवाजा बंद करून गेला.

५

हा दरवाजा पुन्हा उघडण्याचे प्रयत्न जेथून झाले ती ठिकाणे बोलकी आहेत. यूजीन मिन्कोव्स्की याने १९२७ साली भ्रम वा भास यांऐवजी ‘वास्तवाशी असलेला जिवंत संपर्क’ तुटणे हे आजाराचे केंद्र मानले. वोल्फगांग ब्लांकेनबुर्गने १९७१ साली अ‍ॅन या तरुणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यापाशी नाट्यमय भ्रमही नव्हते आणि आवाजही नव्हते. लक्षणांच्या यादीत मांडायला फारसे काही नव्हते. तिची तक्रार एवढीच, की इतरांना जे सहज कळते, जे कोणी कोणाला शिकवत नाही, ते तिच्यापाशी नाही. कसे वागावे, काय योग्य, इतके साधे काही तिला प्रत्येक वेळी विचार करून ठरवावे लागत होते. ब्लांकेनबुर्गने याला ‘नैसर्गिक स्वयंसिद्धता’ हरवणे असे नाव दिले. येथे अनुभव अफाट आहे आणि लक्षण जवळजवळ शून्य. लक्षण ही अनुभवाची बाह्य बाजू असते हे मत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

लुई सास यांनी १९९२ सालच्या ग्रंथात आधुनिकतावादी कला आणि छिन्नमनस्कता यांची तुलना करताना एक प्रचलित समजूत उलटवली. वेड म्हणजे बुद्धीचा ऱ्हास आणि आदिमतेकडे पतन, असे मानले जात असे. सास यांच्या मते येथे आत्मभानाचा अभाव नसून अतिरेक आहे : एरवी पार्श्वभूमीत राहणाऱ्या गोष्टी (श्वास, गिळणे, शब्दाचा नाद, विचाराचा ओघ) पुढे येऊन वस्तू होतात. २००३ साली सास आणि योसेफ पार्नास यांनी हे सूत्र अधिक नेमके केले. आजाराच्या मुळाशी स्वत्वाचा बिघाड आहे; एकीकडे अतिआत्मभान, दुसरीकडे अनुभवाला असलेला ‘माझेपणा’ क्षीण होणे. २००५ साली पार्नास आणि सहकाऱ्यांनी अशा अनुभवांच्या मुलाखतीसाठी ५७ बाबींची, पाच विभागांत मांडलेली पद्धत तयार केली.

या ‘माझेपणा’चा विचार करताना मराठी व्याकरण एक नेमके साधन पुरवते. मराठीत ‘मी विचार केला’ असे म्हणता येते, पण त्याहून स्वाभाविक असे ‘मला सुचले’, ‘मला आठवले’, ‘मला वाटले’ हे प्रयोग आहेत. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही. विचार येतो, आठवण होते, आणि ‘मला’ हे त्याच्या येण्याचे ठिकाण असते. तेव्हा विचाराचे कर्तेपण हातात नसणे हा काही विकार नव्हे. निरोगी मनाचे बहुतेक व्यवहार असेच चालतात. मात्र ‘मला सुचले’ या वाक्यात ‘मला’ हे केवळ ठिकाण नसते, त्यात मालकीही आहे. जे मला सुचले ते माझेच असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. छिन्नमनस्कतेत ही न सांगितलेली मालकी सुटते : विचार माझ्या ठिकाणी येतो, पण माझा नसतो. ठिकाण आणि मालकी यांमध्ये फट पडते, आणि त्या फटीसाठी भाषेत तयार शब्द नसतो. म्हणून रुग्ण शब्द घडवतो किंवा उसना घेतो : किरण, यंत्र, तार, चिप. श्रेबरचे ओरडणे या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. वेबर म्हणतात, तो ओरडतो. श्रेबर म्हणतो, त्याच्याकडून ओरडले जाते. विचार थांबला की ईश्वर त्याला बुद्धिहीन समजून दूर जाऊ पाहतो, आणि त्या क्षणी ओरडण्याचा चमत्कार त्याच्या देहात घडवला जातो. प्रयोग कर्तरी की भावे, हा येथे शैलीचा प्रश्न नाही. रुग्णाचा सारा अनुभव त्या प्रयोगभेदात आहे, आणि अहवालातील कर्तरी वाक्याने तोच पुसला गेला आहे.

६

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात, आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप विज्ञानाचा. ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ साली असे मांडले की आपली कृती आपणच सुरू केली याची मेंदूत जी अंतर्गत नोंद होते तिच्यात बिघाड झाल्याने कृती आणि विचार परके वाटतात. मग प्रतिमांचे वाचन कशासाठी? उत्तर असे की हे स्पष्टीकरण खरे मानले तरी ते ज्याचे स्पष्टीकरण आहे ती गोष्ट, म्हणजे परकेपणाचा अनुभव, आधी नेमकी वर्णिलेली असावी लागते. अनुभवाचे वर्णन ढोबळ असेल तर स्पष्टीकरणही ढोबळ गोष्टीचेच होईल. वाचन हे येथे विज्ञानाचे प्रतिस्पर्धी नाही, त्याची पूर्वअट आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच दालनातून येतो. साहित्यसिद्धान्ताने वेडाशी जो व्यवहार केला आहे त्याची कसून तपासणी व्हायला हवी. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९७२ साली श्रेबरला पहिल्याच पानांत आणून छिन्नमनस्कतेच्या प्रक्रियेला भांडवली व्यवस्थेविरुद्धच्या मुक्तीची शक्ती मानले. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ साली उत्तर-आधुनिक संस्कृतीचे वर्णन करताना चिन्हकांची साखळी तुटणे या अर्थी हा शब्द वापरला. आपण निदान करीत नाही असे त्यांनी स्पष्ट म्हटले, तरी त्यांच्या अनुकरणात हा इशारा बहुधा गळून पडला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडेही ‘छिन्नमनस्क’ हे विशेषण कवितेला, शहराला, मध्यमवर्गाला सहजपणे लावले गेले. हा व्यवहार वेबर यांच्या वाचनाहून चांगला नाही. वेबर रुग्णाचे रूपक वाच्यार्थाने घेतात. सिद्धान्त रुग्णाचे दुःख रूपकार्थाने घेतो. दोन्हीकडे रुग्ण बोलत राहतो आणि दुसऱ्याच कशाचा तरी पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखातील अलंकारांची तुलनाही या धोक्यापासून मुक्त नाही, म्हणून तिची मर्यादा सांगितली पाहिजे. कवीच्या हातात ‘जणू’ असतो. तो ठेवणे वा काढणे ही त्याची निवड असते. रुग्णाचा ‘जणू’ त्याच्या इच्छेविरुद्ध गळतो. मम्मटाच्या तिसऱ्या अटीतील ‘प्रयोजन’ येथे नसते. तेथे असते ती निरुपायता. अतिशयोक्तीत उपमेय गिळले जाते. येथे माणूस गिळला जातो. तुलना येथे थांबते, आणि ती येथे थांबते हे कळणे हाच तिचा उपयोग.

तिसरा आक्षेप असा, की आशयाला इतके महत्त्व देऊ नये. आजार सर्वत्र सारखा, फक्त त्याचे पोषाख वेगळे. श्नायडरची पद्धत याच गृहीतावर उभी आहे : रूप महत्त्वाचे, आशय गौण. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तान्या लुरमान आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ, घानातील आक्रा आणि चेन्नई येथील आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या होत्या. अमेरिकेतील रुग्णांनी आवाजांचे वर्णन बहुधा मेंदूवरील आक्रमण, हिंसक आणि अनोळखी असे केले. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत. ते रागावत, पण घरकाम सांगत, शिस्तही लावत. आक्रात अनेकांनी ते ईश्वराचे मानले. एवढ्याशा नमुन्यावरून आजाराविषयी मोठे सिद्धान्त मांडता येणार नाहीत. पण एवढे म्हणता येते की आवाज आपला नाही हा अनुभव कोणत्या नात्याने भरायचा, हे संस्कृती पुरवते. आणि ज्या नात्याने तो भरला जातो त्यावर त्याच्यासह जगणे किती असह्य होते, हे ठरू शकते. पोषाख अंगाला लागलेला असतो.

७

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला प्रथमच या आजाराच्या आतल्या बाजूने काही काळ उभे केले. शेषच्या मनातील देवराई त्याच्या बहिणीला दिसत नाही. प्रेक्षकाला मात्र ती दिसते. चित्रपट देवराईला सत्य म्हणत नाही आणि केवळ लक्षणही म्हणत नाही. तो ती पाहू देतो आणि त्याच वेळी घरच्यांचा थकवा, औषधांची गरज, सांभाळाचे कष्टही दाखवतो. मधली जी पायरी वेबर आणि फ्रॉइड यांनी ओलांडली, तिच्यावर थांबणे म्हणजे काय, याचे हे आपल्या भाषेतील एक उदाहरण आहे.

मनोविकारशास्त्रही त्या पायरीकडे वळताना दिसते. २०१९ साली स्वीकारल्या गेलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात छिन्नमनस्कतेच्या वर्णनात विचार आणि संवेदन यांच्या बरोबरीने ‘स्वानुभवा’तील बिघाडाचा स्वतंत्र उल्लेख आहे. पण यादीत एक ओळ वाढवल्याने वाचन बदलत नाही. स्वानुभवही उद्या एक चौकट होऊन त्यात खूण करण्यापुरता उरू शकतो.

१९०२ साली ड्रेस्डेनच्या ज्या न्यायालयात श्रेबर पूर्वी पीठाध्यक्ष होता, त्याच न्यायालयाने त्याच्या अपिलाचा निकाल दिला. न्यायाधीशांनी त्याला निरोगी ठरवले नाही. तो मनोरुग्ण आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. परंतु त्यांनी त्याचे म्हणणे वाचले. आपल्या श्रद्धा ऐहिक व्यवहारांना स्पर्श करीत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद त्यांनी त्याच्या पत्रांशी, वागण्याशी, वेबर यांच्याच नोंदींशी ताडला आणि त्याचे स्वातंत्र्य त्याला परत दिले. १९०७ साली तो पुन्हा आजारी पडला आणि १९११ साली लाइपझिगजवळच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. निकालाने आजार बरा झाला नाही, तसा दावाही कोणी केला नव्हता. पण लक्षण मान्य करूनही वक्त्याला वक्ता राहू देणे शक्य असते, हे त्या न्यायाधीशांनी दाखवून दिले. समीक्षेने त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच. ज्याच्या वाक्यातला ‘जणू’ गळून पडला आहे, त्याच्यासाठी तो काही काळ आपण सांभाळायचा असतो. वाक्य खरे मानण्यासाठी नव्हे, तर ते बोलणारा कोणीतरी आहे हे विसरू नये म्हणून.